हायवा गेला की गावचा पूल हलतो, धोका आहे का? लवकर सांगा

पांढरं_सोनं
राजेहो, मदत पाहिजे. आमच्या गावाजवळच्या पुलावरून हायवा (मोठा टिप्पर) गेला की पूल चांगलाच हलतो. पहिले एवढा हलत नव्हता. काल मोटरसायकल कठड्याजवळ लावून फोनवर बोलत होतो, कोळशाचा हायवा आला तर पायाखाली सगळं खालीवर झालं. गाडी पार पलीकडे गेली तरी थरथर चालूच. पोरांचा ऑटो याच पुलावरून शाळेत जातो. कोणी म्हणते पूल हलायलाच पाहिजे, कोणी म्हणते पडते आता. खरं काय? मोबाईलवर मोजता येते म्हणतात, ॲप कोणतं?

वर्धाकाठ
पूल कुठला, तालुका कोणता, गाळे (दोन खांबांमधले भाग) किती, बांधला कधी? यातलं काहीच लिहिलं नाही, कसं सांगणार?

पांढरं_सोनं
वणी तालुका. नाल्यावरचा आहे, सिमेंटचा. सारे पूल तसेच तर असतात. धोका आहे का नाही एवढंच सांगा ना.

निवृत्त_उपअभियंता
सारे पूल सारखे नसतात, दादा. एका गाळ्याची लांबी मोजून सांगा, तीच सगळ्यात महत्त्वाची. तोवर एवढं ऐका: हलणं म्हणजे लगेच धोका नाही. गाडी उभी असते त्यापेक्षा धावताना पुलावर जास्त भार येतो, हे धरूनच पुलाचं डिझाइन होतं. आय.आर.सी. 6 या पुलांवरच्या भारांच्या नियमावलीत सिमेंटच्या पुलाला क्लास ए भारासाठी (डिझाइनला धरायचा ठरावीक गाड्यांचा भार) या वाढीचं सूत्र आहे, 4.5 भागिले (6 अधिक गाळ्याची लांबी मीटरमध्ये). 20 मीटरच्या गाळ्याला साधारण 17 टक्के वाढ येते. गाळा जितका लहान, तितकी ही वाढ जास्त.

जुनं_ते_सोनं
इंग्रजांच्या काळातले दगडी पूल बघा. चुन्यात बांधलेले, शंभर वर्षांनंतरही जागचे हलत नाहीत. आजच्या ठेकेदारांनी सिमेंटच्या नावाखाली काय चालवलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

मास्तर_गणिताचे
मुद्दा अनुनादाचा आहे, म्हणजे धक्के पुलाच्याच लयीत बसत गेले की हलणं वाढत जातं. 1831 साली इंग्लंडमध्ये ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक पावलाला पाऊल लावून चालल्यामुळे कोसळला होता. इथं हायवांची रांग एका लयीत जाते, तेच होणार. गाड्यांमध्ये अंतर ठेवायला लावा.

गिट्टी_आणि_गणित
सर, ते उदाहरण इथं बसत नाही. सैनिक कितीतरी पावलं एकाच तालात टाकत राहतात. 40 च्या वेगानं जाणारा ट्रक 12-15 मीटरचा गाळा साधारण सव्वा सेकंदात ओलांडतो. ट्रकचं धूड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 2 ते 4 वेळा उसळतं, म्हणजे गाळ्यावर तो पाच-सहा उसळ्यांच्या वर घेत नाही. एवढ्यात लय साठायला वेळच मिळत नाही. मी नागपूरला स्ट्रक्चरचंच शिकतेय, म्हणून आग्रहानं सांगतेय. मला वेगळी शंका आहे. पुलाच्या तोंडाशी रस्ता खचला आहे का?

मी_टिप्परवाला
मी त्याच पट्ट्यात गाडी चालवतो. ताई बरोबर बोलून रायली. डांबर आन पूल जुडते तिथं गाडी आदळते, मंग पाटे (स्प्रिंगा) उसळते आन सारा दणका पुलावरच जाते. रिकामी गाडी तर भरलेल्यापेक्षा जास्त उडते. ज्याले माहीत हाय तो तिथं गेर पाडतेच.

वर्धाकाठ
उगाच रस्त्यावर ढकलू नका. खरं कारण ओव्हरलोड आहे. वजनकाट्याची पावती आणि गाडीतला माल जुळतो का, माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपये लागतात.

मी_टिप्परवाला
भाऊ, त्यानं पावतीचं विचारलंच नाई. पूल हलते काउन, हे विचारून रायला.

निवृत्त_उपअभियंता
दोघंही बरोबर आहात. जास्तीच्या वजनानं पूल थकतो आणि आदळण्यानं त्यावर आणखी भार चढतो. एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

पांढरं_सोनं
दोन्ही तोंडांशी खचला आहे, चांगला वीतभर. गाळे तीन, टेपनं मोजले, एक 12 मीटरच्या जवळपास. ॲपचं कोणीच सांगत नाही.

गिट्टी_आणि_गणित
मग माझी शंका पक्की होतेय. स्वित्झर्लंडमध्ये 200हून अधिक पुलांवर मोजणी झाली, त्यावरून ढोबळ हिशेब निघाला: 100 ला गाळ्याच्या मीटरमधल्या लांबीनं भागा, गाळा सेकंदाला किती वेळा थरथरतो ते येतं. तुमचा गाळा सेकंदाला 8-9 वेळा थरथरणारा. ट्रकची चाकं आणि आस दणका बसला की सेकंदाला 8 ते 15 वेळा फडफडतात. दोन्ही आकडे शेजारीशेजारी येतात, म्हणून लहान गाळ्याला तोंडाशीच बसलेला दणका झोंबतो. आधी तो खचका भरून घ्या, त्याला खर्च फार नाही.

ॲप फायफॉक्स, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं, फुकट मिळतं. त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम निघतो, म्हणजे थरथर सेकंदाला किती वेळा होते ते दिसतं. फोन हातात धरू नका, गाळ्याच्या मधोमध कठड्याच्या बुडाशी स्लॅबवर ठेवा. गाडी गेल्यावर जी थरथर उरते ती नोंदवा, ती पुलाची स्वतःची. पण एका आकड्यावरून पूल चांगला की वाईट ते कळत नाही, आधीच्या आकड्याशी ताडून बघावं लागतं. ऊन-थंडीनंही तो थोडा बदलतो.

निवृत्त_उपअभियंता
"पहिले एवढा हलत नव्हता" असं लिहिलंत. पहिले म्हणजे कधी? तेव्हापासून काही घडलं का?

पांढरं_सोनं
पोळ्याच्या नंतरपासून. त्याच्या आधी पूर आला होता, दोन दिवस पाणी पुलावरून गेलं.

निवृत्त_उपअभियंता
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! आता ॲप बाजूला ठेवा. पुरात पायाखालची माती धुऊन जाते आणि वरून काहीच दिसत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एस.टी. बस पाण्यात गेल्या. जुन्या दगडी पुलाचा भरवसा देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उजेडात, पाणी नसताना, नाल्यात उतरून पाहा. खांबाच्या बुडाशी खड्डा पडलाय का, पायाचं काँक्रीट उघडं पडलंय का? गर्डर ज्या बेअरिंगवर टेकतो ते सरकलंय किंवा फुगलंय का? एका टोकाला उभं राहून कठड्याची ओळ पाहा, कुठं वाकली का? यातलं एक जरी दिसलं तरी पोरांचा ऑटो दुसऱ्या रस्त्यानं न्या.

वर्धाकाठ
अर्ज कुठं द्यायचा? बांधकाम विभाग की जिल्हा परिषद?

निवृत्त_उपअभियंता
राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर बहुधा सार्वजनिक बांधकाम, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्याच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली जड गाड्या तात्पुरत्या बंद करता येतात. अर्जात भार चाचणी मागा. त्यात वजन ठेवून गाळा किती वाकला ते मोजतात आणि वजन काढल्यावर तो किती परत वर येतो ते पाहतात. साध्या सळईच्या सिमेंट गाळ्यात (ताणलेल्या तारांच्या नव्हे) वाक निदान 75 टक्के भरून यावा लागतो.

मास्तर_गणिताचे
उद्या मी येतो तुमच्यासोबत. नाल्यात एकट्यानं उतरू नका.

पांढरं_सोनं
या सर. सरपंचाले फोन केला, ते पण येतात. सकाळी सातला पुलाच्या अलीकडे भेटू.

निवृत्त_उपअभियंता
फोटो काढताना खांबाला टेप लावा, खोली दिसली पाहिजे. पुराच्या तारखा अर्जात लिहा.

विहीर_कोरडी
त्या फायफॉक्सनं बोअरच्या मोटरची थरथर मोजता येईल का? आमची चालू केली की पाइप गदगदा हलतो.