ओसरीवर चार टेबलं टाकायला सातबाऱ्यावरच्या अकरा जणांच्या सह्या कशाला?

ओसरीवरून (देवबाग)
आमच्या घराच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. आई कित्येक वर्षं पर्यटकांना आगाऊ सांगितलं तर जेवण करून देते. 2022 साली मी म्हटलं, आता रीतसर करू. उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या आत, त्यामुळे तेव्हा अन्नसुरक्षा नोंदणीला 100 रुपये फी होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडलं ते ना-हरकत दाखल्यावर. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, सातबारा सामाईक. अकरा नावांतली सात मुंबईला, त्यांतल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. सह्या गोळा होईपर्यंत दिवाळी गेली, नाताळही गेला. आमचा धंदा पाऊस सरल्यापासून मेपर्यंतचा, त्यातला निम्मा हंगाम असा बुडाला.
माझं म्हणणं असं: दिवसाला वीसच्या आत ताटं वाढणाऱ्या घराला स्वयंपाकघराची एक पाहणी आणि नोंदणी एवढ्यावर परवानगी द्यावी. जागेचे कागद नंतर.

चाळीस खुर्च्या (गुहागर)
दादा, तुमचा त्रास खरा आहे, तरीही मला हे पटत नाही. माझ्याकडे अन्नसुरक्षेचा राज्य परवाना आहे, काढला तेव्हा वर्षाला 2000 रुपये होते. फी किरकोळच, पण त्यामागोमाग पाण्याचा तपासणी अहवाल, दरवर्षी कामगारांची वैद्यकीय तपासणी, विषमज्वराची लस, 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर, वाणिज्य दराचं वीजबिल हे सगळं येतं. गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेतो, पण फ्रीजर घेताना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पगार मात्र चालूच. शेजारचं घर यातलं काहीही न करता सुरमईचं ताट माझ्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त देतं.
पैशांचं एक वेळ सोडा. आमच्या वाडीत एका घरी जेवलेल्या सहा जणांना जुलाब झाले. विहिरीपासून सांडपाण्याचा शोषखड्डा जेमतेम वीस फुटांवर होता. आपली जांभ्याची जमीन, पाणी कुठून कुठे झिरपेल ते कळत नाही. वीस ताटं असोत की दोनशे, पाणी तेच.

सुरूच्या बनात
माझा आक्षेप 'जागेचे कागद नंतर' या तीन शब्दांना आहे. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत सहसा नवं बांधकाम करता येत नाही. स्थानिकांनी आहे त्या घराचा जोता आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायला तिथे मुभा आहे. म्हणजे ओसरीला वाट ठेवलेलीच आहे. कागद मागे ढकलले, की घराच्या नावाखाली वाळूवर स्लॅब पडतो आणि तो पाडायला कोणी येत नाही. 2020 च्या चौपाटी कुटी (बीच शॅक) धोरणात गुहागर, तारकर्ली, दिवेआगर धरून आठ किनारे घेतले, तिथेही बांधकाम तात्पुरतंच.

बचतगटातली
सगळे जागेवर बोलताय. रांधणारी कोण ते बघा. आमच्या गटातल्या नऊ जणी जेवण करून देतात, घर एकीच्याही नावावर नाही. एकीच्या दिरानं सही द्यायला नकार दिला. त्यामागे भाऊबंदकी होती, तिच्या स्वयंपाकाशी त्याचा काही संबंध नव्हता. पाणी तपासा, हात तपासा, नखं तपासा, आम्ही तयार आहोत. पण माझ्या चुलीची परवानगी दिराच्या हातात का?

ओसरीवरून (देवबाग)
ताई, नेमकं हेच मला म्हणायचं होतं, मांडता आलं नाही. सुरूच्या बनातले दादा, तुमचं मान्य. 'नंतर' हा शब्द मागे घेतो. नवं बांधकाम असेल तर सगळे कागद आधीच हवेत. पण घर जुनं, जोता तोच, आणि राहणारा तिथेच राहतो, तिथे रहिवासाचा पुरावा पुरे व्हावा. सहहिस्सेदारांच्या संमतीवर मी माघार घेणार नाही.
गुहागरचे दादा, तुमचं वाचल्यावर टेप घेऊन अंगणात गेलो. आमची विहीर आणि शोषखड्डा यांत अठ्ठावीस फूट भरले. पन्नास तरी हवेत ना? खड्डा परसाच्या मागच्या कोपऱ्यात हलवायचा, तर खर्च किती येईल, काही अंदाज?