मदत हवी आहे: आयटीआय सुधारणेच्या प्रस्तावात यंत्रांऐवजी काय मागावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, अठ्ठावीस कामगार. जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर मी वर्षभरापासून आहे. आजवर समिती म्हणजे चहा, बिस्किटं आणि मागच्या इतिवृत्तावर सह्या. आता मात्र काम गळ्यात पडलंय. केंद्राच्या पीएम-सेतू योजनेसाठी प्रस्ताव करायचा आहे आणि "तुम्ही उद्योगवाले, दोन पानं तुम्हीच लिहून आणा" असं ठरलंय. गुरुवारी बैठक आहे.

योजना माहीत नसलेल्यांसाठी: मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑक्टोबरात शुभारंभ झाला. देशातल्या १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या, २०० हब आणि ८०० त्यांना जोडलेल्या. पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये: केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,०००, उद्योगांचे १०,०००. संस्थेच्या कारभारात उद्योगाला पुढे बसवायचं, ही मुख्य कल्पना.

कल्पना मला पटते. पण समितीत यादी सुरू झाली ती थेट व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मशीनिंग यंत्र), रोबो, थ्रीडी प्रिंटर अशी. मग मी एक दिवस मुद्दाम वर्कशॉपमधून फिरून आलो. कोपऱ्यात एक सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून काळा पडलेला. वाढीव वीजभार मंजूर व्हायला दोन वर्षं गेली, तोवर ती चालवायला शिकून आलेल्या निदेशकांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, बदली झाली. शेजारी वेल्डिंगच्या बूथपाशी पोरांची रांग. एकाने जोड मारायचा, बाकीच्यांनी काच धरून बघायचं, कारण इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) मोजून मिळतात. हीच पोरं पास होऊन माझ्याकडे येतात आणि घडवायचा पहिला तुकडा हातात दिला की हात थरथरतो. त्यांना काय बोलणार?

आमचंही काही फार बरं नाही. फाउंड्रीमन ट्रेडला मुलं येत नाहीत. धग, धूळ, शिवाय स्थळ बघताना "फौंड्रीत आहे" म्हटलं की मुलीकडचे गप्प. सगळ्यांना इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आम्ही बिहार-ओडिशातून मोल्डर (साचे करणारे) आणतो आणि सभेत "कुशल मनुष्यबळ मिळत नाही" म्हणून भाषण ठोकतो.

तर, कच्चा माल, देखभाल, शिकवणारी माणसं असल्या चालू खर्चाला प्रस्तावात जागा कशी करायची? आणि आमच्यासारख्या वीस-तीस माणसांच्या कारखान्यांनी यात शिरायचं कसं? मोठी कंपनी तालुक्याच्या आयटीआयत कशाला येईल? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं. "सगळी सिस्टीमच सडलीय" हे मला माहीत आहे, तेवढं सोडून.

---

निवृत्त_निदेशक:
२००७-०८ ची योजना आठवते का कुणाला? १,३९६ सरकारी आयटीआय, प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, तेही समितीच्या सोसायटीच्या नावावर. दहा वर्षं हप्ता नाही, पुढे वीस वर्षांत फेड. कर्ज म्हटल्यावर आमच्या समितीचे हातच आखडले. पैसे मुदत ठेवीत, व्याजातून रंगरंगोटी. यंत्रं घेतली तीही पाहणीला येणाऱ्यांना दिसतील अशी, दरवाज्याजवळ.

माझा सल्ला: यंत्रांची यादी शेवटच्या पानावर ढकला. पहिल्या पानावर लिहा, किती पदं भरलेली, किती तासिका तत्त्वावर, किती रिकामी. मग दर मुलामागे वर्षाचा कच्चा माल: वेल्डरला इलेक्ट्रोड किती, फिटरला पट्टी किती किलो. आकडा वर्कशॉपच्या साठा नोंदवहीतून काढा, अंदाजाने नको. प्रत्येक नव्या यंत्रापुढे तीन रकाने: वीजभार, देखभाल करार, चालवणाऱ्या निदेशकाचं प्रशिक्षण. तीन्ही भरता आले नाहीत तर यंत्र मागू नका.

योजनेत पाच राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रं आहेत: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना. महाराष्ट्रात एकही नाही. म्हणजे निदेशक शिकायला बाहेर जाणार. तेवढे दिवस वर्ग कोण घेणार, तेही लिहून टाका.  

चाकणचा_एचआर:
अठ्ठावीसमध्ये ठेकेदाराची माणसं धरलीत का? अप्रेंटिस कायद्यात तीही मोजतात. एकूण तीस किंवा जास्त झाली की अप्रेंटिस घेणं सक्तीचं, किमान अडीच टक्के, कमाल पंधरा. तीसच्या खाली, चारपर्यंत, ऐच्छिक. विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र देतं. बाकी तुम्ही. तुमच्या गल्लीतल्या दहा जणांनी किती अप्रेंटिस घेणार ते सहीनिशी दिलं, तर प्रस्तावाला जोडायला त्याहून चांगला कागद नाही.

मुक्काम_स्टुटगार्ट:
इथे जर्मनीत क्रम उलटा आहे. मुलगा आधी कंपनीशी करार करतो, पगारवजा भत्ता कंपनी देते, आठवड्यातले एक-दोन दिवस सरकारी शाळेत जातो. साडेतीन वर्षांनी परीक्षा उद्योग मंडळाची, आणि परीक्षकांत मालक, कामगार नि शिक्षक तिघांचे प्रतिनिधी. १९६९ पासून याला स्वतंत्र कायदा आहे. लहान कारखान्यांना सगळं शिकवणं जमत नाही, म्हणून ते मिळून एक मुलगा वाटून घेतात: सहा महिने एकाकडे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायला, सहा महिने दुसऱ्याकडे मशीनिंग. आपल्याकडे ड्युअल सिस्टीमच्या (काही शिक्षण आयटीआयत, काही कारखान्यात) नावाने २०१६ पासून सोय आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. एचआरसाहेब, ठेकेदाराचे धरून एकेचाळीस होतात. म्हणजे मी इतकी वर्षं ऐच्छिक समजत होतो ते सक्तीचंच होतं. गुरुवारी भाषण करायच्या आधी हे कळलं, बरं झालं.

साठा नोंदवही उद्या मागतो. गल्लीतल्या सहा जणांशी बोललो, चौघे तयार आहेत. अडलंय ते एवढ्यावर: मुलगा चार फौंड्र्यांत फिरणार असेल तर करार कुणाच्या नावाने करायचा, आणि भट्टीवर हात भाजला तर विम्याची जबाबदारी कुणाची? असा एकत्रित करार कुणी केला असेल तर नमुना इथे टाकाल का?