खाली गेलेला युरिया खालीच राहत नाही भाऊ

वरती एका भाऊंनी लिवलं का युरिया पाण्यात मुरला म्हणजे खालीच गेला, त्याचा हवेशी काय संबंध. संबंध हाय ना भाऊ! आपल्या काळ्या जमिनीले उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतात, मातीत युरियाचं नायट्रेट बनते, अन् पहिला मोठा पाऊस आला का ते नायट्रेट त्या भेगांतून सरळ खाली, मंग खडकाच्या फटीतून विहिरीत. वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा हे सगळे जिल्हे केंद्रीय भूजल बोर्डाच्या यादीत हायेत, तिथं कित्येक विहिरींत नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर.

आता खाली जिथं ऑक्सिजन कमी असते तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करतात, पण मधातच एक टप्पा येते नायट्रस ऑक्साइडचा, अन् काम अर्धवट राहिलं का तो वायू पाण्यातच विरघळून बसते. बोर चालू केला, पाणी टाक्यात नाहीतर दांडात पडलं का उडाला. (बोरचं पाणी दुधावानी पांढरं येते ते बहुतेक साधी हवा असते, हा वायू दिसत नाही, उगा घाबरू नका.)

प्रमाण थोडंच हाय, पण 100 वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवते, वरून ओझोनही खाते. आयपीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) 2019 च्या आकड्यानं खतातला 100 किलो नायट्रोजन झिरपला तर विहिरीपासून नदी-खाडीपर्यंत मिळून पावणेदोन किलोच्या आसपास नायट्रस ऑक्साइड निघते. म्हणून मी म्हणतो युरिया एकदाच फेकण्यापेक्षा दोन-तीनदा थोडाथोडा द्या, अन् आभाळ भरून आलं असन त्या दिवशी तर बिलकुल नको.