'घरचं मशीन' आणि 'बाहेरचं मशीन' : मूव्हमेंटला मराठीत काय म्हणावं?

काटेकोर :
मनगटी घड्याळांवरच्या एका लेखाचं मराठीकरण करतोय आणि दोन शब्दांवर अडलोय. मूव्हमेंट म्हणजे घड्याळ चालवणारं आतलं यंत्र. कंपनी स्वतः बनवते ती 'इन-हाउस मूव्हमेंट', दुसऱ्या कारखान्याकडून घेते ती 'आउटसोर्स्ड'. यातली जास्त भरवशाची कोणती, हा लेखाचा विषय. शब्दशोधात एका विक्रीच्या पानावर 'अस्सल स्विस चळवळ' वाचलं आणि हातातला चहा सांडला. तूर्तास 'अंतर्गत यंत्रणा' आणि 'बाह्यस्त्रोत यंत्रणा' असं लिहिलंय. कसं वाटतं?

तबकडी :
कंत्राटी भरतीच्या जाहिरातीसारखं वाटतं. 'बाह्ययंत्रणेद्वारे पदे भरणे' हे सरकारी कागदांत इतकं रुळलंय की वाचकाच्या डोळ्यांसमोर घड्याळ येणारच नाही. आणि 'स्त्रोत' नव्हे, 'स्रोत'. 'स्रु' म्हणजे वाहणे. 'स्त्री'तला त इथे नाही. वर्तमानपत्रं रोज छापतात म्हणून तो त बरोबर होत नाही.

लंबक :
शब्द आहेच की. मशीन. कुठल्याही जुन्या घड्याळजीच्या टपरीवर उभे राहा. तो मागचं झाकण काढतो, डोळ्याला भिंग लावतो आणि म्हणतो, "मशीन चांगलंय हो, तेल सुकलंय फक्त." तो मूव्हमेंट म्हणत नाही आणि यंत्रणा तर नाहीच. मशीन, तबकडी, काटे, चावी, पट्टा. घड्याळाचं सगळं शरीर एवढ्यात येतं. (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगला आमचे एक घड्याळजी 'बालकमानी' म्हणत. हिंदीतून आलेला शब्द, पण किती नेमका!)

काटेकोर :
मशीन पटलं. मग 'घरचं मशीन' आणि 'बाहेरचं मशीन'?

तबकडी :
'घरचं' जपून वापरा. घरचा मसाला, घरचं तूप, घरचं लोणचं. मराठीत 'घरचं' म्हटलं की चांगलं, शुद्ध, काळजीनं केलेलं असा अर्थ आपोआप चिकटतो. 'विकतचं' आणि 'बाहेरचं' यांना नाक मुरडण्याचा वास आहे. लेखाचा प्रश्नच 'कोणतं बरं' असा असेल, तर शब्दानं आधीच निकाल देऊन टाकला.

लंबक :
लाख बोललात. इंग्रजीतही नेमकी हीच लबाडी आहे, आणि घड्याळं विकणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे.

'घरचं' हा शब्द मालकी सांगतो, टिकाऊपणा नाही. रोलेक्सचंच बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांची मशीन स्वित्झर्लंडमधल्या बील गावातल्या एग्लर नावाच्या वेगळ्या मालकीच्या कारखान्यातून येत. कंपनी जिनिव्हाची, मशीन बीलची. २००४ साली रोलेक्सनं तो कारखाना विकत घेतला. कारागीर तेच, यंत्रं तीच. मग खरेदीच्या आदल्या दिवशी बनलेलं मशीन 'बाहेरचं' आणि दुसऱ्या दिवशीचं 'घरचं' म्हणायचं का? एका चाकाचा एक दातासुद्धा बदलला नव्हता, बदललं ते खरेदीखत.

उलटी गंमत ईटीएची. आज 'बाहेरचं मशीन' म्हटलं की पहिलं नाव ग्रेंखेन गावच्या ईटीएचं येतं. पण हा कारखाना मुळात एटर्ना या घड्याळ कंपनीचाच भाग. १९३२ साली दोघे वेगळे झाले. म्हणजे एका घरातलं माणूस वाटणीनंतर गावभर कामाला जाऊ लागलं.

काटेकोर :
पण लेखात तर असं आहे की मोठ्या, महाग कंपन्या स्वतःचंच मशीन वापरतात...

लंबक :
१९७६ चं पाटेक फिलिपचं पहिलं नॉटिलस. त्यातल्या मशीनचा पाया जेजे-लकूल्ट्र या दुसऱ्या कंपनीचा. १९७२ च्या ओडमार पिगेच्या रॉयल ओकमध्येही तोच. लकूल्ट्रनं स्वतःच्या घड्याळात मात्र ते मशीन कधी घातलंच नाही! रोलेक्स डेटोना १९८८ ते २००० या काळात झेनिथ कंपनीचं 'एल प्रिमेरो' मशीन घेऊन चाललं. मूळ मशीन तासाला ३६,००० ठोके देणारं. रोलेक्सनं पुष्कळ भाग बदलून ते २८,८०० वर आणलं. २००० साली स्वतःच्या आराखड्याचं मशीन आलं. आता मधल्या काळातल्या डेटोनाला कोणता शब्द लावाल? आणलेलं, पण नीट निवडून, निपटून, फोडणी देऊन वाढलेलं.

तबकडी :
मग दोन शब्दांनी भागणारच नाही. आराखडा कुणाचा, भाग कुणी घडवले, जुळणी कुणी केली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या घरी वडिलांचं एचएमटी जनता आहे. आराखडा जपानच्या सिटिझनचा, मशीन बंगळूरच्या कारखान्यात घडवलेलं. ते घरचं की बाहेरचं? बाबांना विचारलं तर म्हणतील, सकाळी चावी दिली की चालतं, बस.

लंबक :
आणि अजून चालतं, कारण त्याचे सुटे भाग गल्लोगल्ली होते. एक बिघडलं तर दुसऱ्यातून काढून घालता येत होते. माझ्या मते मशीनच्या भरवशात मोठा वाटा याचाच आहे.

माझाच अनुभव सांगतो. एका छोट्या ब्रँडचं घड्याळ घेतलं होतं, जाहिरातीत 'पूर्णपणे स्वतःचं मशीन' असं मिरवलेलं. दोन वर्षांत तारीख बदलणारं चाक अडकलं. माझ्या घड्याळजीनं उघडलं, पाहिलं आणि पुन्हा झाकण लावलं. "मशीन देखणं आहे, पण हे चाक मी आणू कुठून?" घड्याळ कंपनीकडे गेलं आणि सात महिन्यांनी परत आलं. त्याच आठवड्यात एका मित्राचं ईटीए २८२४ मशीनचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. चावीच्या दांड्यापासून कमानीपर्यंत सगळं खणात हजर. दुपारी दिलं, संध्याकाळी टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवलेलं मी पाहिलं : तबकडी वर असताना दिवसाला अधिक सहा सेकंद, चावी खाली केली तर अधिक दोन. माझं घड्याळ म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

काटेकोर :
'भरवसा' की 'विश्वासार्हता'? आणि दिवसाला सहा सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळाला भरवशाचं म्हणायचं?

तबकडी :
'विश्वासार्हता' साक्षीदाराला किंवा बातमीला शोभते. वस्तूला 'भरवशाचं' किंवा 'खात्रीचं'.

लंबक :
आणि अचूक वेगळं, भरवशाचं वेगळं. रोज न चुकता सहा सेकंद पुढे जाणारं घड्याळ अचूक नसेल, पण भरवशाचं आहे. तुम्ही रविवारी ते मागे करून मोकळे. आज दोन पुढे, उद्या नऊ मागे, ते मात्र बिनभरवशाचं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींत (तबकडी वर, चावी खाली अशा), तीन तापमानांत तपासते आणि दिवसाची सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांत हवी म्हणते. तिथे मशीन कुणाच्या घरचं, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक. ईटीए २८२४ एकच नाही. तेच मशीन चार प्रतींत निघतं. सगळ्यात साधी प्रत दोन स्थितींत साधलेली, म्हणजे चाल जुळवलेली, वरच्या दोन पाच स्थितींत, त्यातही सगळ्यात वरची सीओएससीच्या प्रमाणपत्रासह. घड्याळाच्या जाहिरातीत मशीनचा नंबर मोठ्या अक्षरांत असतो, प्रत मात्र क्वचितच. 'प्रतवारी' हा आपला बाजारातला शब्द लेखात जरूर घाला. आंबा बाहेरचाच असतो, प्रश्न पेटीत कोणत्या प्रतीचा आहे हा.

तबकडी :
'घरचं' टाळायचं तर 'स्वघडणीचं' कसं वाटतं? घड्याळ, घडण, छान जुळतं.

लंबक :
कानाला जुळतं, पण नातं नाही. घड्याळ 'घडणे'वरून आलेलं नाही, 'घटी'वरून आलंय. घटिका म्हणजे २४ मिनिटं. लग्नात पाण्यावर तरंगत ठेवायचे ते भोक असलेलं घटिकापात्र त्याच कुळातलं. शिवाय 'स्वघडणीचं' म्हटलं की समजावून सांगावं लागेल. 'कंपनीचं स्वतःचं मशीन' असं सरळ लिहा ना.

काटेकोर :
मग असं ठरवतो : 'स्वतःचं मशीन' आणि 'विकत घेतलेलं मशीन'. 'विकतचं' नाही, 'विकत घेतलेलं'. दुसऱ्याचं घेऊन बदल केलेलं असेल तिथे तसं पूर्ण वाक्यात. 'एबॉश' हा फ्रेंच शब्दही येतो लेखात, त्याला काय?

लंबक :
'कच्चं मशीन'. पाट्या, चाकांना धरणारे पूल, चाकं असलेला, पण अजून न साधलेला संच. २००२ साली ईटीएनं जाहीर केलं की अशी कच्ची मशीन बाहेर देणं आम्ही बंद करणार. त्यावरून स्विस स्पर्धा आयोगापुढे वर्षानुवर्षं वाद चालला. तिथूनच पुष्कळ कंपन्यांना स्वतःच्या मशीनचे डोहाळे लागले. म्हणजे या हौसेमागे कलेइतकीच पुरवठा आटण्याची धास्तीही होती. सेलिटासारख्या कंपन्यांनी मग पेटंटची मुदत संपलेल्या २८२४ च्याच धर्तीवर मशीन काढलं, मापं तीच. पुष्कळ घड्याळांना ते सरळ बसतं.

तबकडी :
एक राहिलं. 'ते मशीन' की 'ती मशीन'? आणि 'मशीनचे' की 'मशिनचे'?

काटेकोर :
घड्याळजी काय म्हणतो?

लंबक :
आमचा 'ते' म्हणतो. ऱ्हस्वदीर्घाचं त्याला विचारायला गेलो तर चिमटा फेकून मारेल. उद्या जुनं फेवरलूबा घड्याळ दाखवायला जाणारच आहे, तेव्हा हळूच विचारून पाहतो.