मदत हवी आहे: हेल्महोल्ट्झ कॉइलच्या मध्यावर चुंबकीय क्षेत्र कमी का भरतंय?

नमस्कार मंडळी,
हेल्महोल्ट्झ जोडी (एकाच अक्षावर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल, मध्ये एकसारखं क्षेत्र मिळवायला) स्वतःच गुंडाळली आहे. सरासरी त्रिज्या 150 मिमी, 1.2 मिमीची एनॅमल तार, प्रत्येक कॉइलला 200 वेढे (थरात 25, असे 8 थर). दोन्ही सिरीजमध्ये, करंट 3 अँपिअर. सूत्राने मध्यावर 3.6 मिलिटेस्ला यायला हवं, हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) 3.17 दाखवतो. पृथ्वीचं क्षेत्र मध्ये येऊ नये म्हणून करंट उलटा करून पुन्हा मोजलं आणि फरकाचा अर्धा घेतला. वेढेही दोनदा मोजलेत. डोकं चालेना ते यामुळे, की अक्षावर मध्यापासून 45 मिमी सरकलं की क्षेत्र 2 टक्क्यांनी वाढतं! कमी व्हायला हवं ना? अंतर तर त्रिज्येइतकंच, 150 मिमी ठेवलंय.

शिवाय शेवटी मला 50 मिलिटेस्ला हवंय. याच फॉर्मरवर (तार गुंडाळायच्या साच्यावर) बारीक तारेचे जास्त वेढे घेतले तर जमेल?

प्रतिसाद:
150 कुठून कुठे मोजलंत? तुमचा थर 30 मिमी रुंद आहे. आतल्या कडांमधलं अंतर 150 असेल, तर कॉइलच्या मध्यांमधलं 180 झालं, आणि सूत्राला मध्यांमधलंच लागतं. 180 घेऊन हिशोब केला तर 3.17च येतं, आणि 45 मिमीवर सव्वादोन टक्के जास्त. मोजमाप चोख आहे तुमचं, पट्टी तेवढी चुकीच्या जागी लागली. कडांमध्ये 120 ठेवा.

50चं मात्र अवघड आहे. प्रत्येक कॉइलला सुमारे 8,300 अँपिअर-वेढे (करंट गुणिले वेढे), म्हणजे या तारेतून 42 अँपिअर. कॉइलचा रोध 2.9 ओहम धरला तर एकेकीत 5 किलोवॅट उष्णता. शेगडीच ती! बारीक तारेने काही साधत नाही: तेवढ्याच जागेत वेढे दुप्पट केले तर करंट निम्मा लागतो, पण रोध चौपट होतो. उष्णता तीच, फक्त जास्त व्होल्टेजचा सप्लाय लागेल. या क्षेत्रात ठेवायचा नमुना केवढा आहे?

धागाकर्ता:
कडाच मोजल्या होत्या 🤦 120 केलं, 3.58 आलं. नमुना 10 मिमीचा.

प्रतिसाद:
मग एवढी मोठी हवेतली कॉइल कशाला? लोखंडी चौकट करून 30 मिमीची फट ठेवलीत तर 50ला एकूण 1,200 अँपिअर-वेढे पुरतात, थोडे वरकड धरा. गंमत म्हणजे तुमची जोडी 3 अँपिअरला नेमके तेवढेच देते. पण 300 मिमी व्यासाच्या या कॉइल ध्रुवांवर (फटीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी टोकांवर) ढगळ होतील, लहान गुंडाळा. ध्रुवांचा व्यास फटीच्या तिप्पट तरी हवा आणि तोंडं एकमेकांना समांतर. करंट बंद केल्यावरही लोखंडात थोडं क्षेत्र उरतं, तेव्हा शून्य गृहीत न धरता मोजून घ्या.