खांद्याची दुखणी : खेळणाऱ्यांनो, आपापले अनुभव लिहा

डावा कोपरा: काल कुणीतरी ग्रुपवर गहुंज्याच्या मॅचची क्लिप टाकली, मार्च २०२१, इंग्लंडविरुद्धची पहिली वनडे. श्रेयस अय्यर चौकार अडवायला झेपावला आणि डावा खांदा धरूनच उठला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ते बघून माझाच खांदा ठणकला राव. कॉलेजात कबड्डीला डावा कोपरा खेळायचो, रेडर मधल्या रेषेकडे सुटला की त्याला धरलेला हात ओढला जायचा, एकदा त्यातच खांदा उतरला. गोलाई गायब, शर्टाखाली चौकोनी टोक दिसत होतं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने एका झटक्यात बसवला, सगळे खूश, पण नंतर बनियन काढतानासुद्धा निसटायला लागला. तुमचं काय?

फिजिओताई: निसटणारच. खांद्याची वाटी मुळात उथळ, बशीत लिंबू ठेवल्यासारखं काम. कडेने कुर्चेची, म्हणजे मऊ लवचिक हाडाची, रिंग असते ती पहिल्याच वेळी फाटते, आणि विशीच्या आत उतरला तर परत उतरायची शक्यता जास्त. झटका देऊन बसवू नका कुणी!! आधी एक्सरे, फ्रॅक्चर असू शकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतंय का तेही बघायचं, तिथली नस दबते.

पाण्यातली: आमच्याकडे पोहण्यात उतरणं वगैरे नाही, नुसतं झिजणं. फ्रीस्टाईलला एकाच बाजूने श्वास घ्यायची सवय, त्यात सरांनी हाताला पॅडल (तळव्याला बांधायची प्लास्टिकची पट्टी) लावून लांबी मारायला लावली, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. हात वर नेताना मध्येच कळ यायची, पार वर गेला की गायब.

फिजिओताई: @पाण्यातली टिपिकल आहे हे, वरच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटते

मल्लखांबवाला: एरंडेल तेलाचा वास अजून नाकात आहे 😄 आम्ही लहानपणापासून अख्खं वजन हातांवर तोललं पण खांदा बिघडला तो जिममध्ये. नुसती बेंच प्रेस, छाती फुगली, पाठीचा व्यायाम शून्य, खांदे पुढे वाकले. आता रबरबँड खिडकीच्या गजाला बांधून ओढत बसतो, बायको म्हणते दोरीवर कपडे तरी वाळत घाल.

लेगकटर: 😂😂 वहिनी बरोबर

लेगकटर: सचिनचाही खांदा २००६ ला लंडनमध्ये ऑपरेट झालेला, आठवतंय का? आमची टेनिस बॉलची टुर्नामेंट मात्र वॉर्मअपशिवाय. टॉस झाला की थेट पहिली ओव्हर, आणि बाउंड्रीवरून थ्रो करताना खांद्यात कट्ट. रबरी बॉल हलका ना, जोर सगळा हातानेच काढावा लागतो, कंबर वळतच नाही.

सुगरण७२: मी कधी काही खेळले नाही पण माझा हात वेणी घालताना मागे जात नाही, शुगर आहे. इथे विचारलं तर चालेल ना?

फिजिओताई: चालेल हो काकू. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, असू शकतो, शुगरवाल्यांना जास्त होतो. ऑर्थोला दाखवा, कुणाकडून हात पिळून घेऊ नका

डावा कोपरा: काकू तुमची ती भरली वांगी वेगळ्या धाग्यात टाका की

सुगरण७२: टाकते, कुकर उतरवून येते

पाण्यातली: ताई एमआरआय लगेच करावा का? डॉक्टर आधी व्यायाम म्हणताहेत

फिजिओताई: आधी व्यायामच. पॅडल बंद, दोन्ही बाजूंनी श्वास. पेशंट आलाय, रात्री लिहिते