ऑफिसात कमी आवाजातही तानपुरा ऐकू यावा यासाठी हेडफोनची जुळणी

ऐरोली_८०ओहम

ऐरोलीच्या आयटी पार्कात खुल्या मांडणीचं ऑफिस आहे. डोक्यावर एसीचा डक्ट, शेजारी सतत कॉलवर असलेली टीम. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि थोडं नाट्यसंगीत, दिवसाला चार-पाच तास, आवाज कमी ठेवून. बंद कपांचे, ८० ओहम रोधाचे हेडफोन आहेत, संवेदनशीलता ९६ डेसिबल प्रति मिलिवॉट. ते कंपनीच्या लॅपटॉपला ३.५ मिमी जॅकमधून जोडलेले आहेत.

अडचणी अशा: चार्जर लावला की मागे गुणगुण येते. तानपुऱ्याचा खरज (सगळ्यात खालचा सा) जवळजवळ ऐकूच येत नाही, आवाज वाढवला तर गायकाचा वरचा सा टोचतो. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर कॉल आला की गाणं एकदम दबतं. लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नाहीत, पेन ड्राइव्ह बंद आहेत. मला चष्मा आहे. बजेट सहा हजार. डेस्कवर ठेवायचा ॲम्प घ्यावा की ब्लूटूथचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन?

घणसोली_सोल्डर

ॲम्प घेऊ नका. आधी हिशेब बघा. ८० ओहममध्ये १ मिलिवॉट जायला साधारण ०.२८ व्होल्ट लागतो आणि तेवढ्यात तुमचे हेडफोन ९६ डेसिबल देतात. यूएसबीचा साधा डोंगल (लॅपटॉपच्या बाहेर लावायचं छोटं साउंड कार्ड) १ व्होल्ट देत असेल तर १२.५ मिलिवॉट होतात, म्हणजे कमाल १०७ डेसिबल. अर्धा व्होल्टच देणारा असला तरी १०१. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात टोकाचा आवाज सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर असतो असं धरलं, तरी सरासरी ८० च्या पुढे जाते. ऑफिसात कमी आवाजात ऐकणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. ३०० ओहमचे किंवा प्लॅनर प्रकारचे, जास्त ताकद मागणारे हेडफोन असते तर ॲम्पचा विचार केला असता.

खरज का हरवतो ते नीट समजून घ्या, कारण पैसे तिथेच लावायचे आहेत. गायक काळी एकचा असेल तर मधला सा सुमारे १३९ हर्ट्झ, आणि खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. एसीच्या डक्टची घरघर आणि पंख्याचा आवाज नेमका याच पट्ट्यात पसरलेला असतो. तो खरजाला झाकतो, आपण आवाज वाढवतो, आणि वरच्या पट्टीत झाकणारं फारसं काही नसल्यामुळे तिथलं सगळं जास्त जोरात येतं. वरचा सा टोचतो तो यामुळे. बाहेरचा आवाज अडवल्याशिवाय कितीही महाग डॅक (डिजिटल फाइलचा आवाज बनवणारा भाग) लावला तरी हे सुटणार नाही.

त्यात चष्म्याची भर. चष्म्याची काडी पॅड आणि कानशिलाच्या मध्ये फट पाडते. बंद कपांच्या हेडफोनमध्ये खालचे स्वर कपात कोंडलेल्या हवेच्या दाबावर उभे असतात, त्यामुळे फटीतून सगळ्यात आधी खरजच गळतो. पडताळून बघा: तानपुऱ्याचा ट्रॅक लावा आणि चष्मा काढा. खरज लगेच भरून आला तर दोष हेडफोनचा नाही, सीलचा आहे. मेमरी फोमचे, जाड आणि मऊ पॅड काडीभोवती बसतात. जुने, चपटे झालेले पॅड बसत नाहीत. पॅड घेताना आतला व्यास आणि बसवायची कडा तुमच्याच मॉडेलची आहे का ते बघा. "सर्व हेडफोनना चालतात" असं लिहिलेले पॅड टाळा. फोमची जाडी बदलली की कानापासून ड्रायव्हरचं (आतल्या छोट्या स्पीकरचं) अंतर बदलतं आणि आवाजाचा पोतही.

आता गुणगुण. ही ग्राउंड लूपमुळे (अर्थिंगच्या दोन वाटा जुळून बनलेल्या चक्रामुळे) येते असं सर्रास सांगितलं जातं. पण तुमचे हेडफोन अर्थिंगला कुठेच जोडलेले नाहीत, मग लूप होणार कुठून? दोन शक्यता उरतात. माउस हलवला किंवा पान सरकवलं की बारीक शिट्टी बदलत असेल, तर लॅपटॉपच्या आतल्या वीजपुरवठ्याचा गोंगाट ऑडिओच्या भागात शिरतोय. डॅक लॅपटॉपच्या बाहेर नेला की हा बहुतेक वेळा जातो. एकसारखी, जाड घूं येत असेल तर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावून बघा. हात लावल्यावर घूं बदलली किंवा बोटांना बारीक झिणझिण्या आल्या, तर डेस्कखालच्या बोर्डाला बहुधा अर्थिंग मिळत नाहीये. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा विद्युतप्रवाह गळतो. त्याला अर्थिंगची वाट मिळाली नाही की तो लॅपटॉपच्या बॉडीवर येऊन बसतो. यावर डोंगल हा उपाय नव्हे. ऑफिसच्या इलेक्ट्रिशियनला बोर्ड तपासायला सांगा, कारण तीन पिनांचा एक्स्टेन्शन असूनही आत अर्थची वायर सुटलेली असू शकते. हे काम गाण्यासाठी नसतं तरी करायलाच हवं.

डोंगल घेताना यूएसबी ऑडिओ क्लासवर चालणारा घ्या, म्हणजे वेगळं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. क्लास १ चे डोंगल विंडोजवर कायमच थेट चालत आले आहेत, क्लास २ ला विंडोज १० मध्ये २०१७ पासून आधार आहे. लॅपटॉपला तो साउंड कार्ड म्हणून दिसतो, पेन ड्राइव्ह म्हणून नाही, त्यामुळे स्टोरेजवरची बंदी सहसा आड येत नाही. तरी आयटी विभागाला एकदा विचारा. मेमरी कार्डची खाच असलेले प्लेअर मात्र लावूच नका, ते स्टोरेज म्हणून दिसतात आणि सुरक्षा विभागाकडे थेट सूचना जाऊ शकते. हजार-दीड हजारात चांगला डोंगल मिळतो.

कळवा_पूर्व

कॉलच्या वेळी गाणं दबतं, त्याचा हेडफोनशी संबंध नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा, साउंडमध्ये शेवटचा टॅब कम्युनिकेशन्स. तिथे मुळातच "इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करा" हा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून "काहीही करू नका" ठेवा. याला ॲडमिन हक्क लागत नाहीत.

नॉइज कॅन्सलिंग एसीची घरघर फार छान खाऊन टाकतं, ते मान्य. पण त्याची ताकद खालच्या, सलग चालणाऱ्या आवाजांत आहे. शेजाऱ्याचं बोलणं बरंचसं वरच्या पट्टीत असतं आणि दर क्षणी बदलतं, ते उरतंच. घरघर गेल्यावर कधीकधी तेच जास्त स्पष्ट ऐकू येतं.

ब्लूटूथ घ्यायचेच ठरले तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हेडफोनचा माइक वापरात आला की बहुतेक हेडफोनमध्ये जोडणी गाण्याच्या मोडमधून फोनच्या मोडमध्ये उतरते. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेणं) सेकंदाला ८ किंवा १६ हजारांवर येतं, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. तानपुऱ्याच्या जवारीची (तारांच्या झणकाराची) झळाळी तिथेच असते. लोक कॉल संपल्यावरही "गाणं बसकं येतंय" म्हणतात, कारण एखादं ॲप माइक सोडतच नाही. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये डिव्हायसेसखाली माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. वायरचे हेडफोन आणि लॅपटॉपचा माइक अशी जोडी असेल तर हा प्रश्नच येत नाही. म्हणून तुमचे आहेत तेच ठेवा असं मी म्हणेन.

ब्लूटूथ तुटत असेल तर लॅपटॉपच्या त्याच बाजूला यूएसबी ३ चा हब किंवा हार्ड डिस्क आहे का बघा. त्यांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि ब्लूटूथ नेमकं तिथेच चालतं. हब अर्धा मीटर लांबच्या वायरने दूर न्या, आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

वागळे_इस्टेट_२२

एक छोटी पण हमखास गंडणारी गोष्ट: डोंगल किंवा फोनच्या सॉकेटमध्ये प्लग पूर्ण, टक आवाज होईपर्यंत बसला पाहिजे. जाड कव्हरमुळे तो मिलिमीटरभर बाहेर राहिला तर दोन्ही कानांचा सामायिक ग्राउंड सुटतो. मग डावी आणि उजवी बाजू एकमेकांतून वजा होतात, मधोमध असलेला गायक गायब होतो आणि घुमारा तेवढा उरतो. अनेकजण यालाच रेकॉर्डिंगचा दोष समजतात.

आणि ओपन-बॅक (मागून उघड्या कपांचे) हेडफोन ऑफिसात आणू नका. आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आतही येतो.

ऐरोली_८०ओहम

सगळ्यांचे आभार. तपासलं: चष्मा काढला की खरज येतो. लॅपटॉपला हात लावला की घूं बदलते, बोर्डाची तक्रार नोंदवली आहे. शेजारचं बोलणं अडवण्यासाठी आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) आणि फोम टिप घ्यावी का? आणि ॲडमिन हक्क नसताना इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारं साधन) कसा लावायचा? पावसाळ्यात टिप टिकतात का?

घणसोली_सोल्डर

बोलणं अडवायला नीट बसलेली फोम टिप नॉइज कॅन्सलिंगपेक्षा सरस आहे, आणि चष्म्याचा अडसरही नाही. घालण्याची पद्धत महत्त्वाची. टिप बोटांत दाबून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, टिप आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवा. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागला की सील झालं. सील झालं नाही तर खरज पुन्हा गेला, मग टिपचा आकार बदला. दोन्ही कानांना वेगळे आकार लागू शकतात. वायर कानावरून मागे फिरवून घाला, म्हणजे कपड्यांवर घासल्याची खरखर कमी येते.

एक दक्षता: आयईएममध्ये बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे अनेक ड्रायव्हर असतील तर डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा आतला रोध) कमी हवा, हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाच्या आत. १६ ओहमच्या आयईएमला २ ओहमपेक्षा जास्त नको, नाहीतर स्वरांचा तोल बदलतो. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा आयईएम यात फारसा हटत नाही. पहिल्यांदा घेताना तोच घ्या.

पावसाळ्यात फोम ओलावा धरतो, कडक होतो आणि फुगायला वेळ लावतो. घामावर लगेच डबीत बंद करू नका. पुसा, दहा मिनिटं उघडं ठेवा, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. फोम पाण्याने किंवा स्पिरिटने धुऊ नका. आयईएमच्या नळीच्या तोंडावरची जाळी आठवड्यातून एकदा, तोंड खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर ड्रायव्हर गेला असं धरून चालू नका, आधी ही जाळी बघा. कृत्रिम चामड्याचे पॅडही आपल्याकडच्या दमट हवेत सोलतात, तेही पुसून ठेवत जा.

कळवा_पूर्व

विंडोजवरचं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर बसवायला ॲडमिन हक्क लागतात, ते सोडा. गाणं ज्या ॲपमधून वाजतं त्याचाच इक्वलायझर बघा. फोनवरून ऐकत असाल तर अँड्रॉइडवर वेव्हलेट हे ॲप चालतं, त्यात हेडफोनच्या मॉडेलप्रमाणे तयार दुरुस्त्या आहेत. हाताने करणार असाल तर ६० ते १२० हर्ट्झला ३ डेसिबल द्या आणि एकूण पातळी तेवढीच, ३ डेसिबल, खाली आणा. ती खाली आणली नाही तर तबल्याच्या थापेवर आवाज फाटतो. सील नसताना मात्र यातून काही साधणार नाही. फटीतून जाणारा खरज इक्वलायझरने भरायला गेलात तर ड्रायव्हरवर उगाच ताण.

आवाजाच्या मर्यादेबद्दल: जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) मानकात आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही हद्द आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८६ वर गेलात तर आठवड्याला १० तासच. ठाणे-वाशी लोकलच्या खडखडाटात जो आवाज लावता तोच ऑफिसात पुढे चालू राहतो, तिथेच ही हद्द ओलांडली जाते. जागेवर बसलात की आधी टिप नीट बसवा, मग व्हॉल्यूम शून्यावर नेऊन तानपुरा नुकता ऐकू येईपर्यंत वर आणा.